धाब्याचा कठडा, पात्याचे झाकण

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील मुलांना आपण सुतारकाम शिकवतो. त्यासाठी ठाण्यातील एका कुटुंबाने आपली सरकती माइटर करवत दिली. तिचे पाते पुढे-मागे सरकते, म्हणून रुंद फळीही एका खेपेत कापली जाते. 45 अंशांचा कोन धरला की चौकटीचे कोपरे नेमके जुळतात.

पण करवत आली तेव्हा पात्यावरचे झाकण नव्हते. कामात अडथळा होतो म्हणून ते पूर्वीच काढले होते. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातले एक काम आमच्या हाती होते, मुलेही उतावीळ होती. तरी झाकण मिळेपर्यंत आम्ही यंत्र चालवले नाही. ते काम गेले. मजुरीवर जगणाऱ्या घरात मुलाचे दोन हात हीच जमीन असते.

नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, असे अनुवाद 22:8 मध्ये सांगितले आहे. कोणी पडला तर दोष घरधन्याला लागतो. आमच्यासाठी झाकण हाच तो कठडा.

आता मुले फळी क्लॅम्पने आवळतात, करवत आपल्याकडे ओढून खाली आणतात आणि पुढे ढकलत कापतात. पाते पूर्ण थांबल्याशिवाय वर उचलत नाहीत. हातमोजे घालत नाहीत, कारण ते पात्यात ओढले जातात. चष्मा मात्र हवाच.

आपल्या घरची जुनी अवजारे जरूर द्या. त्यांची झाकणेही शोधून द्या. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.