हौशी गाडीवानाचे पहिले मैदान

पुण्याहून मोरगाव-सुप्याच्या अंगाने बारामतीस जाणाऱ्या प्रवाशास वाटेत दोन निरनिराळे मुलूख भेटतात. आधी उघडा माळ, तुरळक बाभळी आणि पावसाच्या भरवशावर उभी असलेली ज्वारी दिसते. पुढे नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी लागले की पाहता पाहता उसाची हिरवी भिंत दुतर्फा उभी राहते. तेथून आणखी पूर्वेस, इंदापूर तालुक्याच्या कडेला, उजनीच्या जलाशयाचे विस्तीर्ण पाणी पसरलेले आहे. सुशिक्षित नागरिकास हा प्रदेश मोरोपंतांमुळे ठाऊक असतो, नाहीतर साखर कारखान्यांमुळे. परंतु पावसाळा सरून रानातील कामे ओसरली, की याच प्रदेशात बैलांच्या शर्यतींचे वेध लागतात, ही गोष्ट शहरातील फार थोड्या घरांना माहीत असते.

पुणे जिल्ह्यात या शर्यतींचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. खेड, आंबेगाव, जुन्नर आणि मावळ या उत्तर-पश्चिमेच्या तालुक्यांत चढाचा घाट असतो. गाड्यास चार बैल जुंपतात, पुढे घोडीस्वार धावतो आणि घड्याळातील सेकंदांवर निकाल लागतो. बारामती-इंदापूरकडची रीत सातारा-सांगलीच्या रीतीस जवळची. तेथे सपाट माळावर समांतर चाकोऱ्या आखलेल्या असतात. हलक्या छकडीस दोन बैल जुंपलेले असतात आणि तिच्यावर कासरा धरून एक गाडीवान बसलेला असतो. अनेक छकड्या एकदम सुटतात. आधी गट, मग उपांत्य फेरी आणि सूर्य कलताना अंतिम फेरी, असा दिवसभराचा क्रम चालतो. अशा एका दिवसाच्या सामन्यास तिकडे ‘मैदान’ म्हणतात.

या मैदानावर उतरणारे सारेच मोठ्या दावणीचे मालक नसतात. लाखो रुपये मोजून नामांकित बैल विकत घेणारे धनिक आहेत. परंतु त्यांच्याच रांगेत चारदोन एकरांचा हौशी शेतकरीही उभा असतो. त्याच्यापाशी बहुधा एकच चांगला खोंड असतो. जोडीचा दुसरा बैल तो शेजारच्या गावातील तशाच एखाद्या हौशी माणसाकडून मिळवितो. या भागीदारीस ‘पैरा’ असे नाव आहे. खोंड बहुधा खिल्लार जातीचा. मान, आटपाडी, सांगोला या अवर्षणी मुलुखातील ही जात अंगाने सडसडीत, शिंगांनी लांब आणि स्वभावाने तापट आहे. खिल्लार गाय दूध थोडे देते. तेव्हा या जातीची प्रतिष्ठा बैलाच्या चालीवरच उभी राहिलेली आहे. शेतात ट्रॅक्टर आल्यावर ती चाल दाखविण्याचे ठिकाण मैदान एवढेच उरले.

आणि एके दिवशी ते मैदानही बंद झाले. केंद्र शासनाने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत अशांच्या यादीत बैलाचा समावेश केला. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबरच बैलांच्या शर्यतीही बेकायदा ठरविल्या. हा निर्णय अकारण झाला असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शेपटी पिरगाळणे, खिळे लावलेली पराणी टोचणे, विजेचा धक्का देणे, हे प्रकार काही ठिकाणी खरोखरच चालत असत. आणि मुक्या जनावराच्या वतीने कोणीतरी बोलणे अवश्य होते. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली; परंतु त्याच वर्षी उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रास शर्यतींची अंतरिम मुभा दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरविला.

तारखांची ही यादी शहरातील वाचकास कोरडी वाटेल. गाडीवानाच्या गोठ्यात मात्र तिचा अर्थ फार निराळा होता. २०१४ साली चार वर्षांचा असलेला उमदा खोंड २०२१ साली अकरा वर्षांचा झाला होता. त्याच्या धावण्याचे सारे वय दावणीला उभे राहण्यात निघून गेले. कित्येकांनी बैल विकले. काहींनी विकले नाहीत. घरातील माणसांची बोलणी सोसून, कडबा महाग झाला तरी, ते त्या बैलाचे खाणेपिणे पूर्वीप्रमाणेच चालवीत राहिले. मुभा मिळाल्यावरचा आरंभही सुखाचा झाला नाही. १ जानेवारी २०२२ रोजी आंबेगाव तालुक्यात लांडेवाडी येथे मोठ्या शर्यती ठरल्या होत्या. परंतु कोरोनाच्या साथीमुळे त्यांची परवानगी आयत्या वेळी मागे घेण्यात आली. साडेसात वर्षे थांबलेल्यांना आणखी थांबावे लागले.

अशा वाटेने आलेल्या हौशी गाडीवानाची हंगामातील पहिल्या मैदानाची सकाळ साधारणतः कशी उगवते, ते पाहण्याजोगे आहे. त्याने पावसाळाभर खोंडास पहाटे फिरविलेले असते, पाण्यात पोहवून त्याचा दम वाढविलेला असतो, स्वतःच्या चहातील दूध कमी करून त्याच्या भरड्यात घातलेले असते. टेम्पोचे भाडे उसने काढून तो मैदानावर येतो. तेथे पशुवैद्य तपासणी करतो. कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बैलाच्या प्रकृतीचा दाखला यांवाचून शर्यत होत नाही. नेमका पैऱ्याचा बैल मागच्या पायाने किंचित लंगडतो, आणि दाखला नाकारला जातो. सहा महिन्यांची तयारी पहिल्या तासातच अर्धी होते.

येथेच काही जण परत फिरतात. जिद्दीचा गाडीवान मैदानभर हिंडून दुसरा पैरा शोधतो. मिळतो तो बैल अनोळखी, वयाने मोठा आणि चालीने सावकाश असतो. चिठ्ठ्या निघतात तेव्हा वाट्यास कडेची चाकोरी येते. तेथे प्रेक्षकांची गर्दी जवळ असते, आणि कोवळा खोंड ओरड्याने बिचकतो. झेंडा पडतो. पहिल्या काही ढांगांत छकडी पुढेही निघते. पण खोंड वेगाचा आणि जोडीदार मंद, म्हणून जू तिरपे होते. छकडी एका अंगास ओढली जाते आणि चाकोरी सोडून बाहेर जाते. चाकोरी सुटली की गाडी बाद. सहा महिन्यांचे कष्ट अर्ध्या मिनिटाच्या आत संपतात.

लोक हसतात. कोणी म्हणतो, “दोन फटके ठेवून दिले असते तर वळला असता.” कोणी सदऱ्याखालून आखूड काठीही पुढे करतो. हा क्षण गाडीवानाच्या खऱ्या परीक्षेचा होय. बैलास काठी मारणे वा विजेचा धक्का देणे हा गुन्हा असून त्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद सांगितलेली आहे. पण माळावरच्या गर्दीत प्रत्येक हातावर नजर ठेवील असा पंच कोठून आणावा? तेथे कायदा पाळला जाणे हे शेवटी कासरा धरणाऱ्याच्या मनावरच अवलंबून राहते. हरलेल्या माणसास आपला राग कोणावर तरी काढावासा वाटतो. आणि त्याच्यासमोर त्या वेळी उभा असतो तो धापा टाकणारा, उलट न बोलणारा खोंड.

जो गाडीवान त्या क्षणी काठी दूर सारतो आणि खाली उतरून प्रथम जोत्याने खोंडाची मान काचली आहे काय ते पाहतो, त्याने त्या दिवशी बक्षीस गमावलेले असते. परंतु साडेसात वर्षांच्या बंदीनंतर जी गोष्ट साऱ्या गाडीवानांकडे विश्वासाने सोपविण्यात आली, ती त्याने सांभाळलेली असते. न्यायालयाने मुभा दिली ती नियम पाळले जातील या भरवशावर. तो भरवसा बारामतीच्या जिरायती माळावर, इंदापूरच्या वाडीवस्तीवर, प्रत्येक मैदानात नव्याने खरा करून दाखवावा लागतो. शर्यती पुन्हा बंद व्हाव्यात असे वाटणाऱ्या भूतदयावादी माणसास द्यावयाचे उत्तर भाषणांत सापडणार नाही. ते या हरलेल्या माणसाच्या हातात आहे. आणि हे उत्तर जेव्हा चुकते, तेव्हा टीकाकाराचे बोलणे मुकाट्याने ऐकून घेणे प्राप्त आहे.

जिद्द या शब्दाचा आपल्याकडे बरेचदा हट्ट असा अर्थ होतो. कसेही करून जिंकायचेच, असे म्हणणारा माणूस जिद्दीचा समजला जातो. परंतु ज्याचा जोडीदार मुका प्राणी आहे, त्याची जिद्द त्या प्राण्याच्या अंगावर चालविता येत नाही. ती स्वतःवरच चालवावी लागते. खोंड का बिचकला, जू का तिरपे झाले, पैरा निवडताना वेगाची जुळणी का पाहिली नाही, ओरड्याची सवय आधीच का लावली नाही, या प्रश्नांची उत्तरे गाडीवानास आपल्याच चुकांत शोधावी लागतात. जिंकलेला मनुष्य हे प्रश्न विचारीत नाही. म्हणून त्याचे पुढील मैदान कधी कधी हातचे जाते.

सायंकाळी मैदानात अंतिम फेरीचा जल्लोष चालू असतो, तेव्हा हा गाडीवान टेम्पोच्या आडोशास असतो. त्याने खोंडास पाणी पाजलेले असते, अंग पुसलेले असते, खुरात खडा गेला नाही ना हे पाहिलेले असते. स्वतः तो अजून जेवलेला नसतो. उसन्या भाड्याचा हिशेब डोक्यात असतोच. घरी गेल्यावर काय ऐकावे लागेल, हेही त्यास पुरते ठाऊक असते. सकाळी ज्याचा बैल उसना मिळाला तो म्हातारा शेतकरी आपला बैल सोडून निघता निघता थांबतो आणि म्हणतो, “खोंड चांगला आहे. घाई करू नका.”

गाडीवान मान हलवितो, फळी लावतो, खोंडास टेम्पोत चढवितो. मग जाता जाता पंचांच्या मांडवापाशी क्षणभर थांबून, पुढचे मैदान कोणत्या तारखेस आहे, तेवढे विचारून घेतो.