पत्रपेटीवरचं आडनाव

बर्लिनच्या विद्यापीठात वर्षभर संशोधनाला निघाला असाल, तर खोली ठरवतानाच घरमालकाला विचारा, पत्ता नोंदवू द्याल ना? जर्मनीत राहायला गेल्यापासून १४ दिवसांत सरकारी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र हवं. स्वस्तातली खोली बरेचदा इथेच अडते. नोंदणीनंतर करक्रमांक टपालाने येतो. पण पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल, तर पत्र परत जाऊ शकतं. म्हणून पहिल्याच दिवशी चिठ्ठी चिकटवा, मग आडनाव कुलकर्णी असो की वाघमारे! आणि हो, रविवारी बहुतेक दुकानं बंद. दूध-पाव शनिवारीच आणा. मोठ्या रेल्वे स्थानकांतली काही दुकानं उघडी असतात, पण खिसा सांभाळून.