चौपाटीवरील प्रश्नकर्ता
(तळेघर येथील व्याख्यानातून)

विष्णुबुवा ब्रह्मचारी म्हणजे कुलाबा जिल्ह्यातील विष्णु भिकाजी गोखले. सरकारी चाकरी सोडून त्यांनी सप्तशृंगीवर तप केले आणि पुढे मुंबई गाठली. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत दर गुरुवारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी त्यांचे जाहीर वाद झाले. हाती शस्त्र नाही, मुखी शिवी नाही, केवळ प्रश्न. विशेष हे की, त्या वादांचा इंग्रजी वृत्तांत जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानेच छापला.

ईश्वर सर्वशक्तिमान, तर पापक्षमेसाठी पुत्राचे बलिदान कशाला? ख्रिस्तापूर्वी जन्मलेल्यांची गती काय? या प्रश्नांना ख्रिस्ती धर्मशास्त्राची उत्तरे आहेत. ती वाचल्यावाचून वादात उतरू नये. एकाच ईश्वरात तिघे कसे, ही शंका तर १८८३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनीही आपल्या गुरुभगिनींपुढे निर्भयपणे मांडली होती.

परंतु भीमाशंकराच्या या परिसरात ज्याच्या पंक्तीला आपण बसत नाही, त्याला त्रैक्याविषयी विचारण्याचा आपला अधिकार कोणता? विष्णुबुवा जन्मावरून वर्ण मानीत नसत, कोणाच्याही हातचे अन्न घेत. म्हणून कर्मठ स्वकीयांचा रोषही त्यांनी सोसला.