उतारवयातला उतार

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर, थोडा संक्षिप्त करून)



आरती झाली, प्रसाद झाला, आता अर्धा तास माझा. सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि व्यायामशाळेचा उस्तादही नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षं इंजिनांची देखभाल करतो आहे. पण आम्ही आठ-दहा जण दर महिन्याला डोंगरगड चढतो आणि वर्षातून एकदा सह्याद्रीत जातो, हे आपल्या सचिवांच्या कानावर गेलं. मग त्यांनी मला न विचारताच विषय ठरवून टाकला: "चाळिशीनंतर डोंगर चढता आणि पळता यावा म्हणून काय करावं?"

या विषयात मी एक लहानसा बदल केला आहे. चढावं कसं ते थोडक्यात सांगेन. उतरावं कसं यावर जास्त बोलेन. आपल्या भाषेने या वयाला 'उतारवय' म्हटलं आहे ते काही उगाच नाही.

आमच्या गटात बेचाळीसपासून सहासष्टपर्यंतची मंडळी आहेत. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की लक्षात आली. माथ्यावर सगळेच पोचतात, कुणी अर्धा तास आधी, कुणी नंतर. गुडघा धरणं, पाय मुरगळणं, मांड्या लटपटणं या तक्रारी जवळजवळ सगळ्या परतीच्या वाटेवर होतात. तीन वर्षांपूर्वी आम्ही कळसूबाईला गेलो होतो. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. आमचे एक रिटायर्ड फोरमन, नाव सांगत नाही कारण ते दुसऱ्या रांगेत बसलेत, लोखंडी शिड्या चढताना आम्हा सगळ्यांच्या पुढे होते. रोज सकाळी सात किलोमीटर चालणारा माणूस, छाती भात्यासारखी. पण परतताना निम्म्या वाटेत त्यांच्या मांड्यांनी जबाब दिला. पाय टाकला की गुडघा दुमडायचा. दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना बारी गावात आणलं तेव्हा अंधार पडला होता. जेवताना ते एवढंच म्हणाले, "आता डोंगर पुरे झाले."

रोज सात किलोमीटर चालणाऱ्या माणसाचं असं का व्हावं? कारण आपली भिलाई सपाट आहे. सेक्टरच्या रस्त्यांवर कितीही चाललं तरी उतार लागत नाही. त्यांचं इंजिन उत्तम होतं. ब्रेक कधी वापरलेच नव्हते.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. कळसूबाईला जायचं तर दुर्गहून मुंबईची गाडी पकडून आपण इगतपुरीला उतरतो. इगतपुरी म्हणजे थळ घाटाचा माथा. हा घाट १८६५ मध्ये रेल्वेला खुला झाला. चढण ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. खालून कसाऱ्याहून येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना आम्ही बँकर म्हणतो. प्रवासी खिडकीतून तीच बघतात. रेल्वेची खरी काळजी मात्र उलट्या दिशेची असते. घाट उतरण्याआधी ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. चढताना ताकद कमी पडली तर गाडी थांबते. उतरताना ब्रेक कमी पडला तर गाडी थांबत नाही.

शरीराचंही असंच आहे. चढताना काम पडतं हृदयाला आणि फुप्फुसांना. उतरताना ते पडतं मांडीच्या पुढच्या स्नायूंवर. हा स्नायू चढताना आखडत काम करतो, तर उतरताना ताणला जात असतानाच जोर धरून ठेवतो. या दुसऱ्या कामात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि म्हणूनच डोंगर करून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते. आमच्या थ्री-फेज इंजिनांमध्ये उतारावर ब्रेक लावला की वीज तयार होऊन वरच्या तारेत परत जाते. मांडीला ती सोय नाही. सगळा भार तिला पचवावा लागतो.

भार किती? कृत्रिम गुडघ्यांत मोजमापाची यंत्रं बसवून हे तपासलेलं आहे. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो, पायऱ्या उतरताना साडेतीनपटीच्या आसपास. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर प्रत्येक पायरीला अडीच क्विंटलच्या जवळपास! पाच किलो वजन उतरवलं तर गुडघ्याला किती सुटका मिळेल, हा हिशोब घरी जाऊन करावा.

यात वयाची भर पडते. व्यायाम न करणाऱ्याची दमछाक सोसण्याची क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी घटते. सातत्य ठेवणाऱ्यांत ही घट बरीच कमी असते. स्नायूही घटतात, आणि साठीनंतर जास्त वेगाने. त्यातही आधी जातात ते झटपट काम करणारे तंतू. ठेच लागली तर पटकन पाय पुढे टाकून तोल सावरतात ते हेच. म्हणून तरुण ठेचाळतो आणि म्हातारा पडतो.

हे ऐकून निराश होऊ नका, कारण उरलेली गोष्ट आनंदाची आहे. १९९० साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे वजनं उचलण्याचा पायांचा व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरीने दुपटीहून अधिक झाली. नव्वदीत हे होत असेल तर पंचावन्न-साठीत 'आता काय उरलंय' म्हणण्यात अर्थ नाही.

इटलीच्या मार्को ओल्मो यांचं उदाहरण मला फार आवडतं. हा माणूस सिमेंट कंपनीत, दगडाच्या खाणीवर नोकरी करणारा. आपल्या जामुलच्या सिमेंट कारखान्यातला एखादा कामगार डोळ्यांपुढे आणा. माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी दीडशे किलोमीटरहून लांब शर्यत त्यांनी २००६ मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी जिंकली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली.

जपानचे युइचिरो मिउरा १९७० साली एव्हरेस्टच्या उतारावरून स्कीवर घसरत आले म्हणून प्रसिद्ध झाले. पुढे साठीत वजन वाढलं, अंग सुटलं. मग पायांना वजनं बांधून आणि पाठीवर ओझं घेऊन त्यांनी चालायला सुरुवात केली. २००३ मध्ये सत्तराव्या, २००८ मध्ये पंचाहत्तराव्या आणि २०१३ मध्ये ऐंशीव्या वर्षी त्यांनी एव्हरेस्ट गाठलं. पण लक्षात घ्या, ऐंशीव्या वर्षी शिखरावरून परतताना ते इतके थकले होते की शेवटचा टप्पा त्यांनी हेलिकॉप्टरने पार केला. एव्हरेस्टवीरालाही उतार चुकला नाही.

आणि इतक्या दूर तरी कशाला जायचं? मार्च २०२२ मध्ये बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली पन्नाशी ओलांडलेल्या महिलांची तुकडी अरुणाचलहून निघाली आणि जवळपास पाच महिन्यांत चार हजारांहून अधिक किलोमीटर आणि तीसच्या वर खिंडी पार करून लडाखपर्यंत पोचली. तेव्हा बचेंद्रीजी सदुसष्ट वर्षांच्या होत्या. त्या तुकडीत नागपूरच्या बिमला देऊसकर होत्या, आणि आपल्या भिलाईच्या सविता धपवालही होत्या. याच सपाट गावातल्या. खिंड म्हणजे नुसता चढ नसतो. प्रत्येक खिंडीला पलीकडचा उतार असतोच. तीसच्या वर खिंडी म्हणजे तितकेच उतार.

आता करायचं काय? शेडमध्ये आम्ही इंजिन बिघडायची वाट पाहत नाही. ठरलेल्या दिवसांनी त्याची तपासणी होते, ठरलेल्या काळाने ते पूर्ण उघडून ओव्हरहॉल होतं. शरीराचंही असं शेड्यूल ठेवावं. त्यात चार कामं आहेत.

पहिलं काम इंजिनाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम. चालणं, सायकल, हळू पळणं, काहीही चालेल. वेग असा ठेवावा की शेजाऱ्याशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्यातून एकदाच दम लागेपर्यंत जोर करावा. आपल्याकडच्या मे महिन्यात हे सगळं सूर्य उगवण्याच्या आत उरकावं.

दुसरं काम ब्रेकचं, आणि तेच आपण विसरतो. आठवड्यातून दोन दिवस, जिन्याच्या खालच्या पायरीवर कठडा धरून उभं राहा. एक पाय पायरीवर, दुसरा सावकाश चार आकडे मोजत जमिनीला टेकवा, आणि पुन्हा वर या. प्रत्येक पायाने आठ-दहा वेळा, असे दोन-तीन फेरे. जोडीला आखाड्यातल्या बैठका. ज्यांना जमत नाहीत त्यांनी हात न लावता खुर्चीवरून उठबस करावी, बसताना धपकन न बसता. टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायामही करावा. तीन मजली क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांना तर घरबसल्या घाट मिळालेला आहे.

तिसरं काम तोलाचं. दात घासताना एका पायावर उभे राहा, दहा सेकंद, मग दुसऱ्या पायावर. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या सतराशे जणांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. दर पाचांतल्या एकाला दहा सेकंद उभं राहता आलं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. एका पायावर उभं राहिल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. तोल ही तब्येतीची खूण आहे, आणि ती घरी फुकट तपासता येते.

चौथं काम विश्रांतीचं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना महिने लागतात. म्हणून दम वाढला की माणसाला वाटतं आपण तयार झालो, आणि टाच किंवा गुडघा धरून बसतो. तीन आठवडे थोडं थोडं वाढवावं, चौथ्या आठवड्यात कमी करावं. जेवणात रोज उसळ, डाळ, दही, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी हवीत. नुसत्या भातावर स्नायू बनत नाहीत. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारावं.

या चारांच्या जोडीला महिन्यातून एकदा खरा उतार. डोंगरगडला लोकलने जाता येतं. माँ बम्लेश्वरीच्या हजारावर पायऱ्या आहेत. रोपवेही आहे, पण ज्यांचे पाय चांगले आहेत त्यांनी उतरताना त्याचा मोह टाळावा. उतरताना पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला, नजर दोन-तीन पायऱ्या पुढे. मागे रेलून टाच आपटू नये. डोंगरवाटेवर दोन काठ्या घ्याव्यात, त्यात कमीपणा नाही. गुडघ्यावरचा भार हलका होतो. एकदा उतार पचवला की पुढचे काही आठवडे तसाच उतार कमी दुखतो. म्हणजे मोठ्या डोंगराच्या दोन-तीन आठवडे आधी डोंगरगड केलेला बरा. ज्यांना पळायचं आहे त्यांच्यासाठी साताऱ्याची हिल मॅरेथॉन २०१२ पासून आहे. यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग तोच पळत उतरायचा. तिथेही वेळेचा हिशोब घाई करणाऱ्यांचा परतीच्या वाटेवरच चुकतो.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. बी. पी., शुगर असणाऱ्यांनी आणि घरात हृदयविकार असणाऱ्यांनी जोराचा व्यायाम सुरू करण्यापूर्वी तपासून घ्यावं. छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, भोवळ आली तर तिथेच थांबावं. माथा कुठे पळून जात नाही. आणि दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन डोंगरावर जाऊ नये. घामाने पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडांना घातक ठरू शकते.

आता कुणी म्हणेल, आम्हाला कुठे कळसूबाई करायची आहे? बरोबर आहे. पण आपल्यातल्या बहुतेकांचं कुलदैवत डोंगरावर आहे. कुणाची जेजुरी, कुणाचा ज्योतिबा, कुणाची सप्तशृंगी. नातवाचं जावळ काढायला, सुनेला पाया पडायला न्यायचं तेव्हा "तुम्ही जाऊन या, मी खाली बसतो" असं म्हणायची वेळ किती घरांत येते, ते आपण सगळे पाहतो. आपली मुलं पुण्याला, बंगळुरूला आहेत. इथल्या जिन्यावर, न्हाणीघरात पाय घसरला तर धरायला दर वेळी कुणी असेलच असं नाही. डोंगरासाठी कमावलेला ब्रेक तिथेही लागतो.

दुसऱ्या रांगेतल्या त्या फोरमनसाहेबांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ते दोन महिने आमच्याशी डोंगराचं नाव काढत नव्हते. मग वहिनींनीच त्यांना जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं केलं आणि स्वतः आकडे मोजले. आठ महिने हे चाललं. गेल्या हिवाळ्यात ते पुन्हा कळसूबाईला आले. चढायला त्यांना मागच्या वेळेपेक्षा वीस मिनिटं जास्त लागली. उतरले मात्र कुणाचा हात न धरता, आणि बारीत पोचल्यावर चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही डोंगरगडला जाणार आहोत. नवरात्रातली गर्दी तेव्हा ओसरलेली असते. वयाची अट नाही, वेगाची तर अजिबात नाही. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या मागे आमच्यातला एक जण बँकर म्हणून राहील. नावं सचिवांकडे द्यावीत. वहिनी, काकू, तुम्हीही यावं. आणि उद्या सकाळपासून खालच्या पायरीवर चार आकडे मोजायला सुरुवात करावी.



गणपती बाप्पा मोरया!