सागरी तुफान आणि किनाऱ्यावरील इमारती



तुफानात घर पाडतो तो वारा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वारा छप्पर उडवितो हे खरे. परंतु पायासकट इमारत नाहीशी करतो तो समुद्र. वाऱ्याच्या रेट्याने समुद्राची पातळी कित्येक हात चढते आणि त्या चढलेल्या पाण्यावरून लाटा वस्तीत शिरतात.

अमेरिकेतील टेक्ससच्या किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टन हे शहर एका सखल बेटावर वसले आहे. तेथील भूमी कोठेही ९ फुटांहून उंच नव्हती. समुद्राच्या बाजूने भिंत बांधावी, अशी सूचना पूर्वीच झाली होती. पण १८९१ साली तेथील हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनीच ती अनावश्यक ठरविली. ८ सप्टेंबर १९०० रोजी समुद्र सुमारे १५ फूट चढला. सुमारे ८,००० माणसे प्राणांस मुकली. किनाऱ्यालगतच्या अनाथालयातील जोगिणींनी मुलांना दोरीने आपल्या कमरेशी बांधून घेतले होते. तरीही १० जोगिणी आणि ९० मुले बुडाली. केवळ ३ मुलगे वाचले. ममता अपुरी पडली नव्हती. जागा चुकली होती.

नंतर शहराने १७ फूट उंचीची भिंत बांधली. एवढ्यावर न थांबता दोन हजारांहून अधिक इमारती स्क्रू-जॅक लावून उचलल्या आणि त्यांच्याखाली वाळूचा भराव घालून भूमीच उंच केली. १९१५ साली तसेच प्रबळ तुफान आले, तेव्हा पूर्वीच्या मानाने जीवितहानी फारच थोडी झाली.

पाणी इमारतीवर तीन प्रकारे आघात करते. पहिला, धडकेचा. एक घनमीटर समुद्रजलाचे वजन सुमारे १,०२५ किलोग्रॅम भरते. त्यात वाहून आलेल्या तुळया व ओंडके मिसळले की त्यांचे घण बनतात. दुसरा, उचलण्याचा. बाहेर पाणी आणि आत पोकळी असली, की भिंत आत ढासळते किंवा हलके घर तरंगू लागते. तिसरा, पोखरण्याचा. प्रवाह पायाखालची वाळू ओढून नेतो.

उपायही यांतूनच निघतात. लाटांच्या टप्प्यात घर खोल रोवलेल्या खांबांवर उभारावे, म्हणजे पाणी खालून निघून जाते. खांबांमधील आडोसा धक्क्यासरशी सुटून पडेल असा असावा, म्हणजे तो घराला सोबत ओढीत नाही. जेथे लाटा नाहीत, केवळ पाणी चढते, तेथे बंदिस्त तळभागाच्या भिंतींत भूमीलगत झरोके ठेवावे. दर चौरस फूट क्षेत्रास १ चौरस इंच, असे अमेरिकेत प्रमाण आहे. छप्पर, भिंत आणि पाया यांची साखळी लोखंडी पट्ट्यांनी अखंड जोडावी. जुन्या इमारतीतही ही जोडणी करता येते.

ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा कोकणातील अनेक घरांची व शाळांची कौले आणि पत्रे उडाले. किनाऱ्यावरील शाळेने आपले जोते पुरेसे उंच आहे काय, वासे भिंतीला बांधलेले आहेत काय, हे पावसाळ्यापूर्वी पाहावे. वाळूच्या टेकड्या व खारफुटी ही निसर्गाने घातलेली कुंपणे होत. ती तोडू नयेत.

वर्गात हा पाठ सहज शिकविता येईल. एका परातीत वाळू पसरून तीवर एक खोके ठेवावे व दुसरे चार खोल रोवलेल्या काड्यांवर बसवावे. मग तांब्याने पाणी सोडावे. कोणते खोके टिकले व का टिकले, हे मुलांनाच सांगू द्यावे. मात्र शेवटी एक गोष्ट निक्षून सांगावी: इमारत कितीही बळकट असली, तरी धोक्याची सूचना मिळताच उंच जागी जाणे हाच पहिला उपाय होय. इमारत पुन्हा उभारता येते, मूल नव्हे.