रक्त कुठे तयार होते?

सेलू तालुक्यातल्या एका गावी कीर्तन आटोपले आन् एक माय पाच वर्षांचे लेकरू कडेवर घेऊन आली. म्हणते, "महाराज, याच्या हातापायात वात शिरला. रातभर रडते. अंगारा द्या." मी लेकराचे डोळे पाहिले, तर पिवळे.

आता ऐका. सुश्रुत सांगतो, रक्ताचे स्थान यकृत आणि प्लीहा. अन्नाचा रस तिथे जातो, रंजक पित्ताने रंगतो, रक्त होतो. डॉक्टर म्हणतात, रक्त हाडातल्या मज्जेत तयार होते. मग खोटे कोण? बाप्पा, गर्भातल्या बाळाचे रक्त काही महिने यकृत-प्लीहेतच बनते. मग ते काम मज्जेकडे जाते. सुश्रुताला हेच ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. ओढूनताणून जुळवणे मला पटत नाही. पण त्याच सुश्रुताने शिष्याला सांगितले, प्रेत सात रात्री वाहत्या पाण्यात ठेव, मग वाळ्याच्या कुंच्याने थर थर घासून आत काय ते डोळ्यांनी पाहा. आपणही पाहावे की नाही?

आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. रक्तातली गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिनीत अडकते आन् हाड ठणकते. दुखणे आज मनगटात, उद्या गुडघ्यात, म्हणून आपण वात म्हणतो. मूळ मात्र रक्तात. चांगली पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही जेमतेम 10 ते 20. म्हणून लेकरू फिक्के पडते, डोळे पिवळे होतात. अशा लेकराला ताप आला तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा.

लग्न जमवताना पत्रिका पाहता, 36 गुण मोजता. रक्त तपासता का? नवरा-नवरी दोघेही वाहक असले, दिसायला धडधाकट असले, तरी प्रत्येक गर्भाला चारात एक वेळ हा आजार होण्याची शक्यता असते.

त्या मायनं विचारलं, "म्हंजे माझ्यामुळं झालं का?"

म्हटलं, "नाही माय. अर्धं तुझ्याकडून, अर्धं त्याच्या बापाकडून, आन् दोघांनाही ठाऊक नव्हतं. धाकटीचंही रक्त दाखव."

अंगारा मी लावला. सकाळच्या गाडीनं ते चौघं सेवाग्रामच्या दवाखान्यात गेले.

विठ्ठल, विठ्ठल.