मालीश व्यवसायाचे भवितव्य : कौशल्य, मान्यता आणि सुरक्षा



मालीश हे आपल्या देशातील अतिशय जुने कौशल्य आहे. आयुर्वेदाने अभ्यंगाला दिनचर्येत स्थान दिले. नाभिकाची चंपी आणि बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बाईचे कसब पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. इंग्रजीतील ‘शाम्पू’ हा शब्दही मूळचा हिंदी. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकात ब्रायटन येथे स्नानगृह चालवून ही कला इंग्लंडमध्ये रुजवली. कौशल्य इतके जुने असूनही ते जाणणाऱ्याला व्यावसायिक म्हणून मान्यता मात्र अपुरी आहे. या व्यवसायाचे भवितव्य मागणीपेक्षा या मान्यतेवर अधिक अवलंबून आहे.

मागणी वाढती आहे

ज्येष्ठ नागरिकांची वाढती संख्या, तासन्‌तास बसून करावे लागणारे काम आणि पर्यटन ही मागणीची तीन प्रमुख कारणे होत. १९०२ साली कोट्टक्कल येथे आर्य वैद्यशाळा स्थापन झाली. पुढे केरळने आयुर्वेद केंद्रांचे दर्जानुसार वर्गीकरण करून आरोग्य पर्यटनाला विश्वासार्हता दिली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये परदेशी रुग्णांसाठी स्वतंत्र आयुष व्हिसा सुरू केला. शहरांत मोबाइल ॲपद्वारे घरपोच सेवाही मिळू लागली आहे.

उत्पन्नाची मर्यादा

मात्र मागणी वाढली म्हणजे उत्पन्न वाढतेच असे नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांविषयी मांडलेला विचार येथेही लागू पडतो. एका तासाचे मर्दन अर्ध्या तासात उरकून उत्पादकता वाढवता येत नाही. शिवाय अंगठा, मनगट व पाठ यांवर सतत ताण पडत असल्याने दिवसाचे कामाचे तासही मर्यादित राहतात. म्हणजेच उत्पन्न वाढायचे तर दर वाढला पाहिजे.

दर ठरतो विश्वासावर. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, ग्राहकाला चांगले-वाईट ओळखता आले नाही तर चांगल्यालाही सामान्यच किंमत मिळते. प्रमाणपत्राचे आर्थिक मूल्य येथेच आहे.

मान्यतेचा प्रश्न

हा व्यवसाय आरोग्यसेवा आणि सौंदर्यसेवा यांच्या सीमारेषेवर उभा आहे. मान्यताप्राप्त चिकित्सापद्धतीच्या रुग्णालयातील उपचार वस्तू व सेवा करातून मुक्त आहेत. स्पासारख्या सेवांवर मात्र पूर्वी १८ टक्के कर होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो, निविष्टी कराच्या वजावटीविना, ५ टक्के झाला. हात तोच, पण स्थान बदलताच करही बदलतो.

इतर देशांनी वेगवेगळे मार्ग निवडले. थायलंडच्या ‘नुआद थाई’ या पारंपरिक मर्दनपद्धतीचा २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. दक्षिण कोरियात हा व्यवसाय दृष्टिहीनांसाठी राखीव आहे. तेथील घटना न्यायालयाने २००६ मध्ये संबंधित नियम रद्द केला. त्यानंतर कायद्यातच केलेली तरतूद २००८ मध्ये वैध ठरवली. एकाला संरक्षण दिले की दुसऱ्याचा प्रवेश रोखला जातो, हा त्यातील धडा आहे.

भारतात परवान्याच्या अटी कठोर केल्या, तर शाळेची पायरी न चढलेली पण हाताला जाण असलेली मालीशवाली सर्वप्रथम बाहेर फेकली जाईल. म्हणून २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतील ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ हा घटक महत्त्वाचा ठरतो. पदवी नसली तरी अंगी असलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय त्यात आहे. शरीररचनेची ओळख, स्वच्छता आणि मर्दन केव्हा करू नये याचे ज्ञान यांची जोड त्याला हवी.

सुरक्षेची जबाबदारी

ग्राहकाच्या घरी एकटीने जाणाऱ्या स्त्रीची सुरक्षितता हा या व्यवसायातील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ असंघटित क्षेत्रालाही लागू असून जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान देण्याची तरतूद आहे. परंतु स्वतंत्रपणे घरोघर जाणारी मालीशवाली कोणत्याही ॲपवर नसते. तिच्यासाठी २०२१ चे ई-श्रम पोर्टल हे नोंदणीचे पहिले दार आहे.

कौशल्याची पारख, प्रामाणिक दर आणि कामाच्या ठिकाणी सुरक्षा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, तरच परंपरेने चालत आलेले हे काम सन्मानाची उपजीविका ठरेल.